मंडळीची थैली

मराठीत 'मंडळी' हा शब्द मोठा कामाचा आहे. ओसरीवर चार पाहुणे बसले म्हणजे ती मंडळी. नाटक करणारे एकत्र आले म्हणजे ती नाटक मंडळी. आणि जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीविषयी चारचौघांत बोलू लागला म्हणजे तीही 'आमची मंडळी'च. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायास लावला, हे आम्हांस फार समर्पक वाटते. इंग्रजीत चर्च म्हटले म्हणजे इमारत की माणसे, हा घोटाळा राहतोच. मराठीत तो होत नाही. दगडाविटांचे असते ते उपासनामंदिर, आणि हाडामांसाची असते ती मंडळी. मंदिरावाचून मंडळी पुष्कळ वर्षे राहू शकते. थैलीवाचून मात्र ती वर्षभरही निभत नाही. ही थैली कशी भरते, कोण भरतो, आणि ती कोणी भरली यावरून मंडळीच्या स्वभावात काय फरक पडतो, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

मुलांनी पैशाच्या गोष्टीत लक्ष घालू नये असे मानणारे काही पालक आहेत. आम्ही त्या मताचे नाही. जी मुले रविवारी दानाच्या थैलीत नाणे टाकतात, त्यांस ते नाणे पुढे कोठे जाते हे विचारण्याचा अधिकार आहे; आणि जी मुले अन्य धर्मांची आहेत, त्यांच्याही घरी गणेशोत्सवाची वर्गणी, सप्त्याचा शिधा, उरुसाचा फंड ह्या गोष्टी असतातच. त्यांनी आपल्या अनुभवाशी हा पाठ ताडून पाहावा.

उदाहरणादाखल आपण पिंपरीतील संत तुकाराम नगर ही वसाहत घेऊ. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली व पुढल्या वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ह्या गावांच्या शेतांतून कारखाने उभे राहिले. पुढे ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. १९७० साली येथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांच्या आसऱ्याने ज्या वसाहती वाढल्या, त्यांपैकी संत तुकाराम नगर ही एक. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय येथेच आहे, वल्लभनगरचे एस. टी. स्थानक जवळच आहे. आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रोचे एक स्थानकही ह्याच नावाने चालू झाले आहे.

अशा वसाहतीत राहणारा मनुष्य बहुधा दुसरीकडून आलेला असतो. नगर, सोलापूर, जालना ह्या जिल्ह्यांतून पुष्कळ कुटुंबे कामधंद्यासाठी इकडे आली, तशी ख्रिस्ती कुटुंबेही आली. गावी असताना कोणी अमेरिकन मिशनच्या मंडळीतला, कोणी स्कॉटिश मिशनच्या, कोणी इंग्लिश मिशनच्या, कोणी मुक्तिफौजेतला. एकाच्या गावी दशमांश देण्याची शिस्त, दुसऱ्याच्या गावी थैली फिरवण्याची, तिसऱ्याच्या गावी सुगीला पायलीभर धान्य आणून देण्याची. उत्तर हिंदुस्थानातील कित्येक प्रोटेस्टंट पंथांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन केली खरी. पण कागदावरील ऐक्य रविवारच्या बाकापर्यंत उतरावयास अवधी लागतो. एका भाड्याच्या दालनात पंधरा-वीस घरे प्रथम जमतात, पेटी व झांजा आणतात, 'उपासना संगीता'तील पदे सर्वांस येतात म्हणून ती गातात, आणि मग पहिला अवघड प्रश्न उभा राहतो: भाडे कोण देणार?

ज्या पुरुषाचे नाव ह्या वसाहतीस दिले आहे, त्याचा पैशाशी आलेला संबंध येथे सांगण्याजोगा आहे. देहू येथून काही कोसांवरच आहे. ज्येष्ठात पालखी निघते ती आकुर्डीस मुक्काम करून पिंपरीवरूनच पुण्याकडे जाते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा वाटा त्यास देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आम्हांस त्या कथेतली एक गोष्ट विशेष वाटते. तुकोबांनी बुडवले ते केवळ स्वतःचेच येणे. भावाच्या कागदांस त्यांनी हात लावला नाही. स्वतःचे द्यावे, परंतु दुसऱ्याच्या वतीने उदार होऊ नये, हा भेद ज्यास कळला त्यास सार्वजनिक पैशाचा अर्धा व्यवहार कळला.

आता थोडा मागील इतिहास पाहू. तो पाहिल्यावाचून आजच्या लहान मंडळीची अडचण उमगणार नाही.

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तेथे १८३१ साली त्यांचे ठाणे पडले व १८३३ साली मंडळी स्थापन झाली. आरंभी सर्व खर्च बोर्डाचा असे: शाळेची इमारत बोर्डाची, पंतोजींचा पगार बोर्डाचा, उपदेशकाचे वेतन बोर्डाचे. १८५४ साली बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे स्वतः हिंदुस्थानात पाहणीस आले. त्यांचे मत असे होते की मंडळी ही आपला कारभार आपण पाहणारी, आपला खर्च आपण भागवणारी आणि आपला संदेश आपण पसरवणारी असावी. मिशनरी हा पाहुणा आहे, त्याने एक दिवस जावयाचे आहे. इंग्लंडात हेन्री व्हेन हेही त्याच काळी हेच सांगत होते. त्याच सुमारास नगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे एतद्देशीय पाळक नेमले गेले.

तत्त्व उत्तम होते. पण ते अमलात आणणे किती कठीण होते याचा विचार करा. नगर जिल्ह्यातील खेडोपाडी मंडळीत आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे. बलुत्यावर जगणाऱ्या घरात रोख पैसा क्वचितच दिसे. मिळे ते धान्य, तेही सुगीला. त्यातून १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि पुढे १८९९-१९०० चा. अशा लोकांस 'तुमच्या पाळकाचे वेतन तुम्ही द्या' असे सांगणे सोपे नव्हते. पण ज्याच्यापाशी रोकड नसते त्याच्यापाशीही सुपातले धान्य, कोंबडीची अंडी, परड्यातला भोपळा एवढे असते. म्हणूनच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वस्तुरूपाने दान देण्याची चाल रुजली, व ती शहरात येऊनही सुटलेली नाही.

ह्या संबंधात नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरास राहिले, आणि मराठी मंडळ्यांच्या तोंडी आज जी पदे आहेत त्यांतील कितीतरी त्यांची आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ह्या नावाने नवे कार्य आरंभले. परदेशी पैशावर पोसलेला धर्म ह्या भूमीत परका वाटतो, ही सल त्यांच्या मनात होती. पैशाच्या बाबतीत टिळक स्वतः किती सैल हाताचे होते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. दान करणारा घरात एक असला की हिशोब ठेवणारे दुसरे कोणी असावे लागते, हे त्या ग्रंथाइतके मौजेने अन्यत्र सांगितलेले आम्हांस आढळले नाही.

परदेशचा तो ओघ पुढे आटत गेला. १९२९ नंतर अमेरिकेत मंदी आली तेव्हा बोर्डांनी हात आखडते घेतले. स्वातंत्र्यानंतर मिशनरी परतले. आज तर परकीय देणगीसंबंधी २०१० चा कायदा आहे व २०२० साली तो अधिक कडक झाला. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेस नोंदणी करावी लागते, दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेत खाते उघडावे लागते, आणि एका संस्थेकडे आलेली रक्कम दुसरीकडे सोपवता येत नाही. तात्पर्य, भाड्याच्या दालनात भरणाऱ्या लहान मंडळीने बाहेरच्या पैशाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तिची थैली तिनेच भरावयाची.

ती कशी भरते हे एका गणिताने पाहू. पुढील आकडे कोणत्याही एका मंडळीचे नव्हेत. हिशोब समजण्यासाठी आम्ही ते योजले आहेत. समजा, मंडळीत साठ घरे आहेत. पाळकाचे मानधन, दालनाचे भाडे, दिवाबत्ती, गरजूंस मदत असा मासिक खर्च पंचेचाळीस हजार रुपये येतो. साठांनी भागले तर घरटी साडेसातशे. शाळेतल्या पाटीवर उदाहरण येथेच सुटते. मंडळीत ते येथे सुरू होते. कारण साठ घरे सारखी नाहीत. दहा घरांत कायम नोकरी आहे. ती दोन-दोन हजार देतात, म्हणजे वीस हजार. तीस घरे सहाशे-सहाशे देतात, म्हणजे अठरा हजार. उरलेल्या वीस घरांत कोणी कंत्राटी कामगार आहे, कोणाचा कारखाना बंद पडला आहे, कोठे एकटी विधवा शिवणकाम करून मुले वाढवते. ती दोनशे-दोनशे देतात, म्हणजे चार हजार. एकूण बेचाळीस हजार झाले. दरमहा तीन हजारांची, वर्षास छत्तीस हजारांची तूट राहिली.

आता समजा, त्या मंडळीत एक सधन गृहस्थ आहेत. ते चांगले मनुष्य आहेत. त्यांच्या मनात कपट नाही. ते वार्षिक सभेत उभे राहून म्हणतात, 'तूट कशाला, सगळे पंचेचाळीस हजार मीच दरमहा देतो. गरिबांस त्रास नको.' सभेने काय करावे?

आमच्या वर्गात हा प्रश्न घातला तर बहुतेक मुले म्हणतील, आभार मानावेत व पैसे घ्यावेत. पण थोडे पुढे पाहा. पहिल्या महिन्यात वीस घरांतले दोनशे रुपये यावयाचे थांबतात, कारण आता त्यांची गरज नाही. सहाव्या महिन्यात त्या वीस घरांतली माणसे सभेला येईनाशी होतात. आपण काही दिले नाही तर तेथे बोलावे कोणत्या तोंडाने? वर्षाच्या शेवटी पाळक उपदेशाची टिपणे काढू लागले की त्यांच्या मनात न कळत एक चेहरा उभा राहतो. आणि तिसऱ्या वर्षी त्या गृहस्थांची बदली होते. मंडळीपाशी त्यांचे पैसे तर राहत नाहीतच, पण देण्याची जी सवय तीन वर्षांपूर्वी होती तीही मोडलेली असते. दीडशे वर्षांपूर्वी बोस्टनहून पैसा येत असता जो प्रश्न होता, तोच हा. फक्त बोस्टन आता पुढल्या बाकावर येऊन बसले आहे.

म्हणून शहाणी मंडळी अशा गृहस्थांस म्हणते, 'आपण आपल्या वाटणीचे द्या, वाटल्यास दुप्पट द्या. तूट आम्ही मिळून भरू.' हे म्हणावयास धैर्य लागते, विशेषतः भाडे थकलेले असताना. मंदिर बांधण्यासारखे एकवेळचे मोठे काम असेल तर मोठी देणगी अवश्य घ्यावी, असे आमचे मत आहे. छप्पर एकदाच घालावयाचे असते. दरमहाचा दाणापाणी मात्र सर्वांच्या हातचा असावा. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी की नाही, यावर पंचांत जे वाद होतात ते आम्ही येथे काढीत नाही. इतकेच म्हणतो की दोनशे रुपयांची पाटी कोणी लावलेली आम्ही पाहिली नाही.

लहान देण्याची ताकद किती असते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तळेगाव दाभाड्यास जावे. अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पैसा फंड काढला. दरसाल प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया जमे. लोकमान्य टिळकांनी ह्या कार्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. देणाऱ्यापैकी कोणासही आपण कारखाना काढला असे म्हणता येत नव्हते, आणि सर्वांस मिळून ते म्हणता येत होते.

ख्रिस्ती मंडळ्यांतील असेच उदाहरण आसामपलीकडच्या मिझोराममधले आहे. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रियांनी १९१० च्या सुमारास एक रीत घातली. स्वयंपाकास तांदूळ काढताना त्यातील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावयाची. ते तांदूळ गोळा करून विकावयाचे व पैसे मंडळीच्या कामास लावावयाचे. त्या भाषेत ह्यास बुहफाई थाम म्हणतात. हल्ली ह्या मुठींचे वर्षास कोट्यवधी रुपये होतात. आपल्याकडेही मुष्टिफंड हा शब्द जुना आहे. वरच्या साठ घरांनी हेच केले तर काय होईल ते मुलांनी मांडून पाहावे. मूठ पन्नास ग्रॅमची धरा. दोन वेळच्या दोन मुठी, म्हणजे दिवसास शंभर ग्रॅम. महिन्यास तीन किलो. साठ घरांचे एकशे ऐंशी किलो. हे तांदूळ विकले तर ज्या तीन हजारांच्या तुटीची आपण चिंता करीत होतो ती भागून वर काही उरेल. शिवाय मुठीत एक गुण आहे जो नोटेत नाही: सधनाच्या घरची मूठ गरिबाच्या मुठीहून फारशी मोठी नसते.

आणखी एक मार्ग म्हणजे कापणीचा सण. इंग्लंडात त्याचे आजचे रूप कॉर्नवॉलमधील मॉर्वेन्स्टो गावचे पाळक हॉकर यांनी १८४३ साली पाडले असे मानतात. पण शेताचे प्रथमफळ देवापुढे ठेवण्याची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्राइतकी जुनी आहे. संत तुकाराम नगरात शेत कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. शेत नसते, पण सण असतो. कोणी गावाहून ज्वारीची कणसे मागवतो. कोणी कुंडीतली कोथिंबीर आणतो. कोणी चकल्या, कोणी लोणचे, कोणी विणलेली टोपी. एखादे वर्षी यंत्रशाळेत काम करणारा तरुण आपल्या हाताने कातलेला लोखंडी पाट-वरवंट्याएवढा जड दारअडका आणून वेदीपुढे ठेवतो, आणि आमच्या मते तोही कापणीचाच आहे. ज्याचे शेत लेथ, त्याचे पीक लोखंड.

उपासना आटोपल्यावर ह्या वस्तूंचा लिलाव होतो. हा लिलाव पाहण्यासारखा असतो. बाजारात लिलावाचा हेतू स्वस्त घेणे हा. येथे महाग घेणे हा. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो तेथेच परत देतो, आणि भोपळा दुसऱ्यांदा पुकारला जातो. एकच नारळ तीन-तीन घरे विकत घेतात आणि फोडतो चौथाच. लिलाव पुकारणारा मनुष्य विनोदी असला तर तुटीचे छत्तीस हजार एका दुपारी भरून निघतात. येथे एक दोषही सांगितला पाहिजे. चढाओढ वाढली म्हणजे ज्याच्या खिशात कमी आहे तो मागे सरकतो, आणि त्याने आणलेली मेथीची जुडी आरंभीच पाच रुपयांत जाते. म्हणून जाणते पुकारणारे मेथीची जुडी मधल्या वेळी, बोलीला रंग चढला असता काढतात. ही युक्ती कोणत्याही ग्रंथात नाही. ती आपल्या वडीलधाऱ्यांची.

महिला मंडळाचे खाद्यपदार्थ, तरुण संघाचे नाताळगीत-पथक, शब्बाथ शाळेच्या मुलांच्या मातीच्या पेट्या ह्यांविषयी विस्तार करीत नाही; ते सर्वांस ठाऊक आहे. सोडतीची तिकिटे विकून फंड जमवण्याची चाल मात्र आम्हांस पसंत नाही. सोडतीत मनुष्य देतो ते मिळण्याच्या आशेने. त्यास दान म्हणणे भाषेस धरून नाही.

पैसा जमवण्याइतकेच तो मोजणे महत्त्वाचे, किंबहुना अधिक. पवित्र शास्त्रात पैशाच्या पेटीची एक कथा आहे. यहूदाचा राजा योवाश याच्या काळी मंदिराच्या डागडुजीसाठी याजकांकडे पैसा येई, पण वर्षानुवर्षे डागडुजी काही होईना. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणास छिद्र पाडले व ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक हे दोघे मिळून पैसे मोजीत आणि सुतार-गवंड्यांच्या मुकादमांस देत. लक्षात घ्या, मोजणारे दोन होते, आणि ते एकाच खात्याचे नव्हते. नव्या करारात पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी ग्रीस देशातील मंडळ्यांकडून वर्गणी जमवली, तेव्हा ती पोहोचवण्यास त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, की आपल्यावर कोणी बोट ठेवू नये. एवढा मोठा प्रेषित, पण केवळ 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे म्हणून तो थांबला नाही. त्यास कारणही होते. प्रभूच्या बारा शिष्यांची थैली कोणापाशी असे? यहूदा इस्कर्योताकडे, आणि तो त्यातून काढून घेई असे योहान स्पष्ट लिहितो. मंडळीच्या पहिल्याच खजिनदाराची ही कथा शुभवर्तमानकारांनी झाकून ठेवली नाही, हे आम्हांस त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचे मोठे गमक वाटते.

आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा आहे. नोंदलेल्या संस्थेस जमाखर्च ठेवावा लागतो, तो हिशोबतपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावा लागतो. हे झाले सरकारचे. मंडळीचे समाधान कचेरीतल्या कागदाने होत नाही. थैली उपासना संपताच दोघांनी, शक्य तर दोन वेगळ्या घरांतल्या दोघांनी, मंडळी देखत मोजावी; रक्कम वहीत शाईने मांडावी; दोघांनी सही करावी; आणि सोमवारी ती बँकेत जावी. 'बंधूंवर अविश्वास कशाला?' असे म्हणणारे वडील प्रत्येक मंडळीत असतात. आमचे उत्तर असे की दोघांनी मोजणे हे खजिनदाराच्या संरक्षणासाठी आहे. जो एकटा मोजतो त्याच्यापाशी संशय आला असता दाखवावयास काहीच नसते. कित्येक लहान मंडळ्या पैशाच्या अभावी मोडत नाहीत. त्या एका न वाचलेल्या हिशोबाने दुभंगतात, आणि मग एकाच रस्त्यावर दोन फलक दिसू लागतात.

गेल्या काही वर्षांत थैलीचे रूपच पालटू लागले आहे. २०२० च्या मार्चात साथीमुळे सर्व उपासनास्थाने बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. थैली फिरवावयास माणसेच समोर नव्हती. भाडे मात्र चालूच होते. मग दूरध्वनीवरून पैसे पाठवण्याची सवय लागली, आणि आता काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड दालनाच्या दारावर चिकटवलेला असतो. सोय मोठी आहे: रात्रपाळीचा कामगार चाकणहून देऊ शकतो, परदेशी गेलेला मुलगा घरच्या खात्यातून देऊ शकतो, आणि प्रत्येक रकमेची नोंद आपोआप राहते. पण थैली बाकावरून बाकावर जाते तेव्हा श्रीमंताच्या हातून गरिबाच्या हाती व मुलाच्या हातून म्हाताऱ्याच्या हाती जाते. भिंतीवरचा कागद कोणाच्याच हाती जात नाही. शिवाय कोणी किती दिले हे खजिनदारास कळते. थैलीत झाकली मूठ जात असे. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन दमड्या प्रभूने पाहिल्या, पंचकमिटीने नव्हे. म्हणून दोन्ही चालू ठेवावीत असे आम्हांस वाटते.

थैली भरली की ती रिकामीही व्हावी लागते. पाळकाचे मानधन आणि भाडे ही नित्याची. पण संत तुकाराम नगरच्या मंडळीस एक विशेष वाट आहे, ती रुग्णालयाची. तेथे खेड्यांतून माणसे येतात. रोगी खाटेवर असतो आणि त्याचे नातलग व्हरांड्यात. त्यांस डबा नेऊन देणे, औषधाची चिठ्ठी वाचून सांगणे, रात्री कोणी सोबत बसणे, ह्यांस पैसा थोडा लागतो व माणसे पुष्कळ. कापणीच्या सणाचा न विकला गेलेला भोपळा व मुष्टिफंडाचे तांदूळ शिजून तिकडे गेले, तर ते कोणत्या धर्माच्या रोग्याकडे गेले हे विचारण्याचे कारण नाही.

वार्षिक सभा बहुधा मार्चनंतर भरते. मुलांस तेथे मत नसते, पण बसण्यास मनाई नसते. त्यांनी वही-पेन्सिल घेऊन बसावे. खजिनदार जमेचे व खर्चाचे रकाने वाचू लागले की ते उतरून घ्यावेत, बेरीज ताडून पाहावी, आणि चुकली असेल तर नम्रपणे हात वर करावा. मागच्या बाकावरील आजीबाईंस वाचता येत नसेल तर त्यांस तो कागद वाचून दाखवावा. दर रविवारी त्यांनी टाकलेली दहाची नोट कोणत्या रकान्यात आहे, हे त्या विचारतीलच.